गळतीचं फूल

“तीस वर्षं! तीस वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा तुमचा पान्हा सापडत नव्हता. आणि आज मी नको म्हणतेय, तर आले पान्हा परजत!”

“अगं, दुरुस्तच करतोय ना? मोडत तर नाही काही.”

“नका करू दुरुस्त.”

“नळवाल्याच्या घरची गळती बंद करू नका म्हणणारी तू जगातली पहिली बाई असशील.”

“असेन. कशात तरी पहिला नंबर आला म्हणायचा.”

गल्लीभराचे कपडे शिवणाऱ्या मशीनकाकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. भांडणात आपली पाळी आली की त्या टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचायच्या, बोलायचं ते बोलायच्या आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरायच्या. त्यामुळे त्यांचं भांडण कधी भरभर व्हायचं नाही. एकेक वाक्य बेतून, कापून, टाचून यायचं. समोर उंबऱ्यावर त्यांचे यजमान, म्हणजे गल्लीचे नळवाले, एका हातात पान्हा आणि दुसऱ्या हातात नळाला गुंडाळायच्या टेपचं कोरं रीळ घेऊन उभे होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी लोकांची कामं घेणं सोडलं होतं. आता घरीच बसलोय तर घरचं एक काम उरकून टाकू, असा त्यांचा साधा विचार होता. तो साधा विचार घेऊन ते बायकोच्या खोलीत शिरले, तिथेच त्यांचं चुकलं.

दारात सून उभी होती. ती रक्त-थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. नुकतीच घरी आली होती, अंगातला पांढरा कोटही उतरवला नव्हता. सातवा महिना लागला होता, म्हणून एक हात आपोआप कमरेवर जायचा. तिच्या मागे मुलगा. तो शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून आल्यावर घरातल्या कुठल्याच पक्षाला मत द्यायचं नाही, हा त्याचा नियम.

वादाचं मूळ होतं ही मागची खोली. मुलगा-सून माडीवर राहायचे. माडीचा जिना अरुंद, उभा आणि वळणाचा. तान्हं पोर कडेवर घेऊन त्यावरून ये-जा करणं म्हणजे रोजचं संकट. तेव्हा बाळ झाल्यावर त्या तिघांनी खाली मागच्या खोलीत यायचं, हे ठरून गेलं होतं. कधी ठरलं आणि कोणी ठरवलं हे काकूंना माहीत नव्हतं. त्यांच्या खोलीविषयी त्या सोडून घरातले सगळे एकमेकांशी बोलले होते. पण खोलीबद्दल त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. नातवंडासाठी खोली सोडायची नाही तर कोणासाठी सोडायची? परवा गवंडी येऊन भिंतीचा जुना गिलावा खरवडणार होता. त्याआधी भिंतीतली गळती बंद व्हायला हवी होती, आणि घोडं तिथे अडलं होतं.

ही गळती घराइतकीच जुनी. मागच्या अंगणातल्या नळाला पाणी नेणारा पाईप ह्या खोलीच्या भिंतीतून जायचा आणि त्याचा एक जॉइंट पहिल्यापासून झिरपायचा. धार नाही, धड थेंबही नाही. भिंतीच्या पायाशी बाहेरच्या बाजूला दोन हात जमीन मात्र बारा महिने ओली. नवी नवरी होत्या तेव्हापासून काकू सांगत होत्या. पण कोणाच्या घरी नळ टपकला की नळवाले भरलं ताट सोडून धावायचे.

“लोकांची अडचण आहे गं.”

“आणि आम्ही कोण? आम्ही लोक नाही?”

“तू घरची आहेस.”

घरची असण्याचा हा फायदा काकूंनी जन्मभर घेतला. गल्लीतले म्हणायचे, नळवाल्याच्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय. ते अक्षरशः खरं होतं. काकूंनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा गिऱ्हाइकांसमोर बोलून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी नाद सोडला. त्या ओल्या जागेवरून अंगणात जायला दोन विटा टाकल्या आणि वर्षानुवर्षं त्या विटांवरून पावलं टाकत धुणं वाळत घातलं.

मग एका वर्षी विटांच्या बाजूला एक काडी उगवली.

गणवेशांचा हंगाम होता. काकूंना मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून काडी वाचली. ती गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली. पानं लांबट, टोकदार. एक पान तोडलं तर देठातून दूध आलं आणि तोच हात डोळ्याला लागला. दिवसभर तो डोळा लाल. काकूंनी त्या झाडाला जे काही ऐकवलं ते नळवाल्यांनाही कधी ऐकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपटून टाकू म्हणून गेल्या, तर शेंड्याला गुच्छ फुटला होता. लहान लहान गुलाबी फुलं. जवळून पाहिली तर प्रत्येक फुलाला खाली घेरदार झगा आणि वर उभी चुणीदार कॉलर. काकू विटेवर उभ्या राहून बघत राहिल्या. अशी कॉलर बसवायला त्यांना अख्खी दुपार लागली असती. एवढी सफाईदार शिवण उपटायला त्यांचा हात होईना.

पुढे शेंगा धरल्या, वाळल्या, तडकल्या आणि त्यांतून म्हाताऱ्या उडाल्या. पांढऱ्या रेशमाच्या, प्रत्येकीच्या पायाशी एक चपटं तपकिरी बी. त्या खिडकीतून आत आल्या आणि मशीनवर पसरलेल्या काळ्या कापडाला जाऊन चिकटल्या. नळवाले म्हणाले, “एक म्हातारी घरात होतीच, तिने मैत्रिणी बोलावल्यात.” काकूंनी तेव्हा पट्टीने मारायचंच बाकी ठेवलं होतं.

पण त्यांचं मन खरं फिरलं ते एका कोटामुळे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या, जुनं गिऱ्हाईक. त्यांनी समारंभासाठी राखाडी कोट शिवायला टाकला होता. कोट तयार होऊन खिडकीशी खुंटीला लटकत होता, फक्त बटणं राहिली होती. त्या झाडावर तेव्हा पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या झाल्या होत्या. काळा पट्टा, पांढरा पट्टा, पिवळा पट्टा, मापात आखल्यासारखा. त्यांनी झाड खाऊन निम्मं केलं होतं. त्यांतली एक खिडकी ओलांडून आत आली, कोटावर चढली आणि कॉलरच्या खालच्या कडेला उलटी लटकून बसली. दुसऱ्या दिवशी तिथे पोपटी कोश, त्यावर सोनेरी ठिपक्यांची ओळ. काकूंनी इतक्या वर्षांत इतकं रेखीव बटण पाहिलं नव्हतं.

बाई कोट न्यायला आल्या तेव्हा काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बाई, कोट तयार आहे, पण देता येत नाही,” असं त्या जन्मात पहिल्यांदा म्हणाल्या. बाईंनी वाकून कॉलर पाहिली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

“राहू दे हो,” त्या म्हणाल्या. “जुना कोट आहे की माझा.”

“अहो, पण समारंभ?”

“समारंभात मला कोण बघतंय? हिला बघा. आणि काय होतं ते मला सांगा.”

आठवडा उलटून गेल्यावर एका सकाळी कोश काचेसारखा झाला, तडकला आणि ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं. भिजलेल्या कापडाच्या घडीसारखे पंख. काकूंनी मशीन बंद ठेवलं. दुपारपर्यंत ते पंख आपले आपण इस्त्री झाले, आणि फुलपाखरू खिडकीतून बाहेर गेलं, सरळ त्या गुलाबी गुच्छावर. काकूंनी कोटाला बटणं लावली आणि मुलाला न पाठवता स्वतः नेऊन दिला. येताना बाईंकडून चार गोष्टी शिकून आल्या.

त्या चार गोष्टी त्यांना पुरल्या. हे पाणथळीचं फूल, इथलंच. ह्याच्या पानाशिवाय त्या अळीला दुसरं काही चालत नाही. ह्याच्या बियांना उगवण्याआधी थंडी सोसावी लागते, तीही ओली. कोरड्या थंडीचा उपयोग नाही. आणि बी पेरताना वर माती ढकलायची नाही, नुसतं टेकवायचं, कारण त्याला उजेड दिसावा लागतो. हिवाळ्यात बाहेर टाकलेलं बी वाहून जातं किंवा किडे खातात, म्हणून काकूंनी ओल्या वाळूत बी कालवून डबा फ्रिजमध्ये ठेवला. वाळू होती बारीक, तपकिरी, आणि डबा होता साखरेचा. नळवाल्यांनी तिसऱ्याच दिवशी त्यातले दोन चमचे चहात घातले. “आजकालची साखर विरघळत नाही गं,” म्हणत अर्धा कप प्यायलेही. नंतर कळल्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं: “आता माझ्या पोटात उगवलं तर ओल कोण देणार?”

रोपं झाली. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी फूल. दोन हातांच्या त्या ओल्या जागेत बघता बघता दाटी झाली. मधमाश्या यायच्या, जाड्या केसाळ भुंग्यांना गुच्छावर बसलं की देठ वाकायचा, आणि फुलपाखरं तर इतकी, की खिडकी उघडताना काकू आधी काचेवर टिचकी मारायच्या. थंडीत सगळं वाळून काड्या उभ्या राहायच्या. त्या काड्या काकूंनी कोणाला कापू दिल्या नाहीत. घरातल्यांना तो पसारा वाटायचा. पण थंडी ओसरायला लागली की एक एवढीशी चिमणी यायची, वाळक्या काडीची साल सोलून त्यातून लांबच लांब दोरा काढायची आणि घरट्यासाठी घेऊन जायची. उरलेली म्हातारी वेचायची ती अस्तरासाठी. “आपल्याच धंद्यातली आहे,” काकू सांगायच्या. “फक्त मापं घेत नाही.”

काकूंनी रोपं गल्लीभर वाटली. सगळ्यांनी हौसेने लावली आणि सगळ्यांची वाळली. घरोघरी अंगणात फरशी आलेली, पाणी नळातून निघून थेट गटारात जाणारं. दूध घालणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तेव्हा सांगितलं की ही सगळी वस्ती पाणथळीवर भराव टाकून बसवलेली आहे. त्यांच्या लहानपणी इथे गुडघाभर पाणी असायचं आणि पाण्याच्या कडेने हेच फूल, नजर पोचेल तिथपर्यंत. काकू घरी आल्या आणि विटेवर उभ्या राहिल्या. त्यांच्या ध्यानात आलं ते असं: त्यांच्या नवऱ्याने लोकांच्या घरी इतकं चोख काम करून ठेवलं होतं, की कोणाकडे चमचाभर ओल उरली नव्हती. त्याने दुर्लक्ष केलं होतं ते फक्त एका घराकडे, आणि तेवढ्या दुर्लक्षावर जुन्या पाणथळीचा हा शेवटचा तुकडा तग धरून होता.

तेव्हापासून काकू त्या जागेबद्दल कृतज्ञ होत्या. हा शब्द त्यांनी कधी वापरला नसता. पण तयार कपड्यांची दुकानं निघाली, गिऱ्हाइकं कमी झाली, आणि दुपारी मशीन झाकून बसायची वेळ आली, त्या दुपारी त्यांच्या अंगावर आल्या नाहीत, त्या ह्या खिडकीमुळे. मोठ्या बहिणीच्या जाण्याची बातमी ऐकून त्या इथेच येऊन बसल्या होत्या आणि एक भुंगा एका गुच्छाचं एकेक फूल न चुकवता पुरं करेपर्यंत रडायचं विसरल्या होत्या. रोज सकाळी खिडकी उघडताना त्यांच्या मनात कोणाला तरी ‘बरं झालं रे बाबा’ म्हणायचं यायचं. कोणाला, ते नेमकं ठरत नव्हतं. आभार मानायचे तर ते गळतीचे मानावे लागले असते, आणि गळतीचे मानायचे तर पुढचं नाव सरळ नळवाल्यांचं होतं. ते काकूंच्या जिभेवर येईना. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी माणसाला टोचून बोललो तिच्याबद्दल त्याला धन्यवाद द्यायचे, म्हणजे आधीची सगळी शिवण उसवायची.

“आई,” दारातून सून म्हणाली. “मी बोलू?”

काकूंनी टाचण्या काढल्या. “बोल की.”

“मला फूल नको आहे असं नाही.”

“मी कुठे म्हटलं तसं?”

सून खोलीत आली. खाटेच्या उशाशी भिंतीवर एक सुरेख पडदा होता. उरल्यासुरल्या तुकड्यांचा, निळ्या-पिवळ्या चौकटींचा, खाली झालर लावलेला. त्या भिंतीला खिडकी नव्हती. पडदा मात्र दोन वर्षं तिथे होता, आणि खिडकी नसलेल्या भिंतीला पडदा कशासाठी, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मुलाला वाटायचं फॅशन असेल. नळवाल्यांना पडदा आहे हेच माहीत नव्हतं.

सुनेने पडदा बाजूला केला. मागे भिंत फुगलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि हात पुरेल तिथपर्यंत काळी बुरशी. कुबट वास खोलीभर पसरला.

“हे मी दिवसभर काचेखाली बघते, आई. हे श्वासातून आत जातं. तान्ह्या बाळाची छाती केवढीशी असते.”

काकूंचा चेहरा उतरला. “तुला कधी कळलं?”

“मागच्या वर्षी. तुम्ही गावाला गेला होता तेव्हा केर काढताना.” सुनेने पडद्याची झालर बोटांनी सारखी केली. “बोलले नाही. पडदा फार छान शिवला होता तुम्ही. आणि तेव्हा मी एकटीच होते.”

मुलाने पहिल्यांदाच घसा खाकरला आणि नियम आठवून गप्प राहिला. नळवाले भिंतीजवळ गेले, तिच्यावर पंजा टेकवला, हात पाहिला. इतका वेळ बायकोशी वाद घालताना त्यांच्या आवाजात एक मिस्कीलपणा होता, तो गेला. “हे माझ्या घरात,” ते स्वतःशीच म्हणाले. मग कोणाकडे न बघता मागचं दार उघडून अंगणात गेले.

काकूंनी टाचण्या तोंडात धरल्या. त्या ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या आणि घरातल्या सगळ्यात धाकट्या बाईने ते भांडं वर्षभर पदराआड सांभाळलं होतं. सुनेच्या पोटाकडे बघायची त्यांना लाज वाटली. मुलगा-सून माडीवर गेल्यावर त्या उठल्या, टाचण्या एकेक करून सगळ्या गादीत खोचल्या आणि बाहेर गेल्या.

उन्हं कलली होती. नळवाले विटांवर उभे होते, पान्हा हातातच. समोर वाळक्या काड्यांचं रान उभं होतं, कमरेएवढं. नवा कोंब अजून कुठे दिसत नव्हता. हे झाड सगळ्यांत उशिरा जागं होतं, आणि दर वर्षी काकूंना ते मेलंच असं वाटायचं. एका काडीवर ती चिमणी कामाला लागली होती. साल धरून मागे झुकायची, पंख फडफडवायची, आणि पांढरा दोरा वीतभर सुटून यायचा.

“काय ओढतेय ती?” नळवाल्यांनी हळू विचारलं.

“दोरा. घरट्याला.”

“अरेच्चा.”

दोघं बघत राहिले. दोरा तुटला, पाखरू उडालं.

“बंद करा जॉइंट,” काकू म्हणाल्या.

नळवाल्यांनी मान वळवून पाहिलं. बायको एवढ्यात हार मानते म्हणजे काहीतरी डाव असणार.

“पण आधी ऐकून घ्या. मला एकदाच म्हणता येईल.” काकूंनी पदराने हात पुसले; हात कोरडेच होते. “तुम्ही इतकी वर्षं हा बंद केला नाहीत, ते... चांगलं झालं. माझ्यावर उपकार झाले.”

“टोमणा आहे का?”

“नाही हो.”

“मग? बरं वाटत नाही का तुला?”

“अहो, खरंच म्हणतेय! हे सगळं त्याच्यामुळे झालं. ही फुलं, ती पाखरं, माझ्या दुपारी. तुमच्या गळतीमुळे. मी तुम्हाला रोज बोलत होते आणि रोज सकाळी खिडकी उघडून खूश होत होते. दोन्ही एकदम. आता हसा हवं तर.”

नळवाले हसले नाहीत. पान्ह्याचा स्क्रू पुढे-मागे फिरवत राहिले. काकूंना वाटलं, आता हे काहीतरी सांगणार. मनात दडवून ठेवलेलं, की मला ठाऊक होतं तुला आवडतं, म्हणूनच मी हात लावला नाही. त्यांनी ते ऐकायची तयारीही केली.

“खरं सांगू?” नळवाले म्हणाले. “मला कंटाळा यायचा.”

“काय?”

“कंटाळा. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत डोकं घालून यायचं, आणि घरी येऊन पुन्हा भिंत फोडायची? नको वाटायचं. उद्या करू, उद्या करू. तुझ्या म्हाताऱ्या ठाऊक होत्या, पण हे फूल बिल मी नीट पाहिलं ते मागच्या वर्षी. तेही भुंगा चावला म्हणून.”

काकूंना हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला तरी आवरेना. विटेवर तोल जायला लागला तेव्हा नळवाल्यांनी कोपर धरलं. तेही मग हसायला लागले, का ते न कळता.

“बरं झालं,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “खोटं बोलला असता तर मला कायमचं ओझं झालं असतं. आळसाचे आभार मानायला सोपे.”

“ऐक,” नळवाले म्हणाले. “पाणी काय, कुठेही नेता येतं. पाणी नेणं हाच धंदा झाला जन्मभर. तू जागा दाखव. भिंतीपासून लांब.”

काकूंनी अंगण नजरेने मापलं. पुढचा भाग चढाचा, तिथे पाणी ठरणार नाही. धुण्याच्या दोरीखालची जमीन दगडी. कुंपणाच्या कोपऱ्यात मात्र जमीन खोलगट होती, ऊन भरपूर, घरापासून हातभर नव्हे, चांगली दहा-बारा पावलं दूर. तिथे नळवाल्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये त्यांचा संसार: गंजलेले पाईप, तोट्या, मोडके शॉवर, कोणाकोणाच्या घरून काढून आणलेले जुने नळ.

त्यांची नजर कुठे थांबली ते नळवाल्यांनी पाहिलं. “तिथे नाही.”

काकू शेडकडेच बघत राहिल्या.

“अगं, लागतं ते सामान कधीतरी.”

“कधी लागलं होतं शेवटचं?”

“लागेल.”

काकू खाली बसल्या आणि एका काडीच्या बुडाशी बोटांनी चिखल उकरला. पांढऱ्या मुळ्यांचा दाट गुंता हाताला लागला, थंडगार.

“हलवल्यावर जगतील?” नळवाल्यांनी विचारलं.

“कोणास ठाऊक. कोंब फुटायच्या आत उचलली तर जगतील. आत्ता झोपलीत. झोपेत उचललेलं पोर सहसा रडत नाही.” त्यांनी माती परत दाबून बसवली. “सगळी नाही जगायची. थोडी जगतील.”

त्या उठल्या तेव्हा त्यांच्या साडीच्या काठाला चिखल लागला होता. तो न झटकता त्या आत गेल्या, खाटेवर चढल्या, पडदा काढला, त्याची घडी केली आणि केराच्या टोपलीत टाकली. बुरशीची भिंत उघडी पडली. तिच्याकडे त्यांनी नीट, शेवटपर्यंत पाहून घेतलं.

रात्री जेवायला चौघं बसली. सून पाण्याचे पेले भरत होती. काकूंनी ताटाला हात लावला नाही, म्हणून कोणीच लावला नाही.

“उद्या सकाळी भिंतीतला जॉइंट बंद होईल,” काकू म्हणाल्या. “त्याआधी मुळं निघतील. ती मी काढीन, दुसऱ्या कोणी कुदळ लावायची नाही. शेड जाणार.”

“मी हो कुठे म्हटलं?” नळवाले म्हणाले.

“बस न्यायच्या आधी पत्रे तू उतरवून दे,” काकूंनी मुलाला सांगितलं. “सामानातला एक नळ बाबांनी आठवण म्हणून ठेवावा. एक. शेडच्या जागी फुलं जातील. तिथे नवा पाईप येईल, आणि त्याला एक गळका जॉइंट बसेल.”

“मुद्दाम गळका?” नळवाले ताटावरून पुढे झुकले. “अगं, मला नाही येत तसा. आयुष्यभर चोख जॉइंट केले मी.”

“घरी केलात की एक. तसाच करा.”

सुनेने पेला ओठाशी नेऊन हसू लपवलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि पेला खाली ठेवायला लावून तिचा हात क्षणभर आपल्या हातात घेतला. मग सोडला.

“मागची खोली वाळायला वेळ लागेल, तोवर खिडकी दिवसभर उघडी राहील. मशीन उद्या पुढच्या खोलीत येईल, रस्त्याच्या खिडकीशी. टीव्ही कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा. आणि तिकडचं पाणी कोणी, कधी, कुठल्याही कारणाने बंद करायचं नाही. मी नसले तरी नाही. आता जेवा.”